कपाटातलं रजिस्टर

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पहिले काही आठवडे नागपूरच्या जुन्या मराठी शाळांच्या ऑफिसात मुलांपेक्षा मोठ्या माणसांचीच गर्दी जास्त असते. कोणाला आजोबांचा उतारा हवा असतो, कोणाला मोठ्या आत्याचा. जात पडताळणीच्या प्रकरणाला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, जमातींना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. बाबू कपाट उघडतात आणि कापडी पाठीचं, कडा झिजलेलं दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर येतं.

ज्यांच्या घरी सातबारा नव्हता, वतन नव्हतं, ज्यांची खोलीही भाड्याची होती, त्यांच्या घराण्याबद्दल कोणी काही लिहून ठेवलं असेल, तर ते बहुतेक वेळा या रजिस्टरातच. म्हणून नागपूरच्या कामगार वस्त्यांचा इतिहास लिहायचा तर ग्रंथालयाच्या आधी शाळेच्या कपाटाकडे जावं लागेल, असं मी ठामपणे म्हणतो. या शाळाही कोणी वरून दिलेल्या नव्हत्या. ज्यांना त्या हव्या होत्या, त्यांनीच त्या उभ्या केल्या.

पाचपावलीचंच पाहा. आज कामठी रोडवरून कमाल चौकाकडे, इंदोऱ्याकडे जाताना ही वस्ती शहराच्या पोटात आहे असं वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती शहराच्या कडेला होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कामासाठी नागपुरात येऊ लागली. त्यांतली कितीतरी महार कुटुंबं पाचपावली, इंदोरा या भागांत वसली. याच पाचपावलीत 1907 साली किसन फागोजी बनसोडे यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. बनसोडे मोहप्याचे. त्यांनी पत्रं काढली, छापखाना चालवला आणि 'मजूर पत्रिका' काढून गिरणीतल्या माणसाचं दुःख छापलं. त्यांच्या पत्नी तुळसाबाई या कामात त्यांच्यासोबत होत्या. नागपूर विद्यापीठ 1923 साली स्थापन झालं. म्हणजे शहरात विद्यापीठ येण्याच्या 16 वर्षं आधी अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वस्तीत मुलींच्या हातात पाटी आली होती. शहराच्या शैक्षणिक इतिहासाचा विषय निघाला की आपण हिस्लॉप आणि मॉरिस कॉलेजपासून सुरुवात करतो. पाचपावलीचं नाव त्यात फारसं निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं नाव जाईबाई चौधरी यांचं. उमरेडला 1892 साली जन्म, दुष्काळामुळे घर नागपूरकडे आलं, नवव्या वर्षी लग्न. कामठीला त्यांनी डोक्यावर ओझी वाहिली. तिथे एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहिता-वाचताना पाहिलं आणि महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली. जाईबाई कोणत्या जातीच्या, हे पालकांना कळलं. मुलांना अस्पृश्य बाई शिकवते म्हणून ओरड झाली आणि नोकरी गेली. दुसरी एखादी असती तर परत ओझ्याकडे वळली असती. जाईबाईंनी 1922 च्या सुमारास नागपुरात स्वतःचीच शाळा काढली, संत चोखामेळा कन्या पाठशाळा. पुढे 1937 च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली. तिथे जेवणाच्या पंगतीत जाईबाईंना वेगळं बसवण्यात आलं. देशभरातल्या शिकलेल्या बायका जमल्या होत्या आणि ज्या बाईने वस्तीतल्या पोरींना अक्षरं शिकवली, तिचं पान दूर मांडलं गेलं. 1 जानेवारी 1938 ला नागपूरच्या दलित स्त्रियांनी सभा घेऊन याचा जाहीर निषेध केला. साडेचार वर्षांनी, जुलै 1942 मध्ये, याच शहरात दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा हजारो बाया जमल्या होत्या. जाईबाईंची माहिती मराठी वाचकांपर्यंत आणण्याचं श्रेय ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाला आहे. त्या दोघी गावोगाव फिरून म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलल्या नसत्या, तर हे सगळं त्या बायांबरोबरच गेलं असतं.

आता पुन्हा रजिस्टराकडे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. त्यानंतर शाळेत नाव घालायला आलेल्या कितीतरी बापांनी मास्तरांना ठासून सांगितलं, 'बौद्ध लिहा.' त्या एका शब्दाची किंमत मोठी होती. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी 1990 साल उजाडावं लागलं. आपलं पोर केंद्राच्या नोकरीला मुकेल, हे कळूनही लोक मागे हटले नाहीत. एवढा मोठा निर्णय शाळेच्या रजिस्टरात निळ्या-काळ्या शाईने, मास्तरांच्या वळणदार अक्षरात नोंदवला गेला. पाचपावलीशेजारच्या गोळीबार चौकात, गांधीबागेत हीच रजिस्टरं वेगळ्या कारणाने धुंडाळली जातात. हलबा (अनुसूचित जमात) की कोष्टी (विणकर जात), या वादात आजोबांच्या नावापुढे मास्तरांनी काय लिहिलं होतं त्यावर नातवाची नोकरी टिकते किंवा जाते. कोष्टी हे हलबा जमातीत मोडत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली मिलिंद प्रकरणात दिला, तरी विणकरांच्या घरांतली त्याची झळ अजून गेलेली नाही.

शाळा म्हणजे नुसती ही कपाटंही नाहीत. जानेवारीतलं स्नेहसंमेलन, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मैदानात जमलेली बारकी पोरं, मार्च-एप्रिलची सकाळपाळी, मतदानाच्या दिवशी वर्गाबाहेर लागणाऱ्या रांगा. दीक्षाभूमीच्या आसपासच्या शाळांत धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावचे लोक मुक्कामाला असतात. बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरलेल्या, नळावर रांगा, आवारात चुली. वस्तीला हक्काने वापरता येईल अशी एवढी मोठी जागा दुसरी नाही.

या शाळा आता रिकाम्या होत चालल्या आहेत. इंग्रजी माध्यमाच्या बसगाड्या गल्लीच्या तोंडाशी येतात, पटसंख्या घटते, तुकडी जाते, मग शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि शेवटी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होते. पालकांना मी दोष देणार नाही. पोराचं भलं त्यांनाही कळतं. पण विलीनीकरणाच्या गडबडीत कपाटं टेम्पोत चढतात आणि कुठल्यातरी ओल आलेल्या खोलीत उतरतात. वाळवीला दाखल-खारीज आणि हजेरीपट यांतला फरक कळत नाही. हे रजिस्टर कायमचं जपायचं दप्तर आहे, असं नियम सांगतो. त्यासाठी खोली आणि पैसा कोणी द्यायचा, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं दिसतं.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता गावोगाव होतात. 1975 ला दहावीची पहिली बॅच निघाली, ती मंडळी निवृत्त होऊन शाळेकडे परतू लागली आहेत. शाळेला पंखे देतात, कूलर देतात, पाण्याची टाकी बांधून देतात. ते द्यावंच. पण या वर्षीच्या मेळाव्यात मुख्याध्यापकांना एक गोष्ट जरूर विचारा: 1950 पूर्वीची रजिस्टरं कुठे आहेत, आणि ती स्कॅन करून घ्यायला किती खर्च येईल? वर्गणी काढा आणि हे काम या उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरकून घ्या. पावसाळ्यानंतर त्यांतली काही पानं वाचता येणार नाहीत.