सामूचा एक आकडा

मोसंबीचीं पानें पिवळीं पडूं लागलीं, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, म्हणजे बागाईतदार खताच्या दुकानाकडे धांव घेतो व हिराकस आणून आळ्यांत ओततो. श्रीसमर्थांचें जन्मस्थान जें जांब समर्थ, तें ज्या जालना जिल्ह्यांत आहे, तेथें मोसंबी पुष्कळ. तेव्हां हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या घरचाच आहे.

मृदा आरोग्यपत्रिकेची योजना २०१५ सालीं सुरू झाली. तींत बागायती जमिनीच्या अडीच हेक्टरांस एक नमुना धरला, आणि त्या सर्व मातीचा सामू एका आकड्यांत सांगितला. पत्रिका निरुपयोगी आहे असें आम्हीं मुळींच म्हणत नाहीं. परंतु झाडाचें मूळ अडीच हेक्टरांत राहत नाहीं. तें आपल्याभोंवतालच्या मिलिमीटरभर मातींत राहतें, आणि तेथील सामू शेताच्या सामूहून दोन अंकांपर्यंत निराळा असूं शकतो. सामू एकानें वाढला कीं आम्लता दशमांश होते. विरघळणारें लोह तर सुमारें हजारांशावर येतें. म्हणून मूळ स्वतः आम्ल सोडून लोह मिळवूं पाहतें. चुनखडी तें आम्ल मारून टाकते, आणि आळ्यांत ओतलेल्या हिराकसाचेंही लौकरच न विरघळणारें लोह होऊन बसतें. पानांवर फवारणी केली तर निदान पैसा मातींत जात नाहीं.

एवढ्याशा जागेंतील आम्लता मोजावी कशी? अलीकडे शास्त्रज्ञ बहुवारिकाचे, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, असे कण वापरतात. त्यांत दोन रंगद्रव्यें असतात. एकाचा प्रकाश आम्लतेप्रमाणें कमीजास्त होतो, दुसऱ्याचा बदलत नाहीं. दोहोंचें गुणोत्तर घेतलें कीं कण थोडे पडले काय अथवा दिवा मंद झाला काय, मापांत फारशी चूक येत नाहीं. बायर यांनीं १८७१ सालीं तयार केलेलें फ्लुओरेसीन हें पहिल्या जातीचेंच द्रव्य होय. अर्थात् माती अपारदर्शक. म्हणून मूळ कांचेलगत वाढवावें लागतें, व सूक्ष्मदर्शकही उत्तम लागतो.

शाळेनें असले महागडे कण विकत घ्यावे असें आमचें म्हणणें नाहीं. हळदीचा कागद चुन्याच्या निवळींत बुडवून तो लाल झाला कीं आम्लतेचा पाठ संपला, ही आमचीच शिक्षकांची संवय मात्र सुटली पाहिजे. किराणा दुकानांतील चायना ग्रास शिजवून त्यांत ब्रोमोक्रेसॉल पर्पल मिसळावें, थोडें नायट्रेट घालावें, व जांभळा थर गोठला कीं त्यावर हरभऱ्याचें आणि मक्याचें कोवळें मूळ ठेवावें. हरभऱ्याच्या मुळाभोंवतीं पिवळी कड उमटते. मक्याच्या मुळाभोंवतीं सहसा उमटत नाहीं. जमीन तीच, आकडा तोच, आणि मुळें दोन रीतींचीं!

हा प्रयोग येत्या सत्रांत करावयाचा आहे. दाणे मुलांनीं घरूनच आणावे. औषध चोळलेलें बियाणें मात्र आणूं नये.