दुबईचा निकाल आणि भाषांतरकाराची सही

संयुक्त अरब अमिरातीशी दिवाणी व व्यापारी बाबतीत न्यायिक सहकार्याचा करार भारताने १९९९ साली केला. पण तेथील हुकूमनामे थेट आपल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी दाखल करण्याची वाट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली मोकळी व्हायला जानेवारी २०२० उजाडले. दुबईत भागीदाराचे देणे बुडवून गावी परतलेल्या माणसाच्या रत्नागिरीतील घरापर्यंत आता तेथला निकाल पोहोचू शकतो. यावर वकील मंडळी बरेच बोलली आहेत. आम्हास मात्र या दोन न्यायालयांच्या मध्ये बसणाऱ्या भाषांतरकाराबद्दल बोलायचे आहे.

दुबई आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राच्या न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, तिथे अडचण नाही. सर्वसाधारण न्यायालयांची भाषा अरबी. मदरशात अरबी शिकलेल्या आपल्या तरुणांना वाटते, हे काम तर हातचे. इथेच फसगत होते. किताबांची अरबी वेगळी, कचेरीची वेगळी. आपला 'वकील' तिथे 'मुहामी' असतो. तिथला 'वकील' म्हणजे मुखत्यार. 'हुकूम' म्हणजे नुसता आदेश नव्हे, न्यायालयाचा निकाल. आमच्या मराठीत हे शब्द घरचे झाले आहेत खरे, पण घरच्यासारखे दिसणारे शब्दच जास्त धोक्याचे.

एक शब्द पाहा. 'गियाबी' म्हणजे प्रतिवादीच्या गैरहजेरीत दिलेला निकाल. 'बिमसाबतिल हुजूरी' म्हणजे पक्षकार समोर नसताही कायद्याने हजर धरून दिलेला. भाषांतरकाराने दोन्हींना 'एकतर्फी' म्हणून टाकले, तर विरोधी वकील कलम १३ काढणार. परदेशी निकाल गुणदोषांवर दिलेला नसेल तर तो आपल्याकडे बंधनकारक नाही. न्यायालय केवळ शब्दावर जात नाही, निकालात पुरावा तपासला होता का हे पाहते. परंतु तेही पाहते भाषांतरातूनच! पुराव्याचा एक परिच्छेद ढिला उतरला की व्यापाऱ्याची रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडते.

फौजदारी बाजूलाही काम आहे. परदेशातून साक्षीपुरावा मागविणारे विनंतिपत्र केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जाते आणि त्यासोबत त्या देशाच्या भाषेतील प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. अमिरातीत स्थायिक होऊन हा व्यवसाय करायचा असेल, तर तेथील न्याय मंत्रालयाकडे नोंदणी हवी.

तेव्हा आमचे मत असे की, अरबी जाणणाऱ्याने कायद्याची पदवी घ्यावी, निदान दिवाणी वकिलाच्या हाताखाली दोन-तीन वर्षे कागद वाचावेत. आपल्या संस्था इंजिनीयरिंगसाठी शिष्यवृत्त्या देतात, त्यांतल्या दोन-चार इकडे वळवाव्यात. आणि वकिलांनी पानामागे भाव पाडून घेणे थांबवावे. भाषांतर अचूक असल्याच्या मजकुराखाली सही भाषांतरकाराची असते, उलटतपासणीला उभे राहायची पाळीही त्याच्यावरच येते.