आधी बातमी पडली, मग इमारती

आचोळ्यातल्या अग्रवाल नगरीच्या परिसरात 41 इमारती उभ्या होत्या. 2025चा फेब्रुवारी सरायच्या आत त्या जमीनदोस्त झाल्या. उच्च न्यायालयाचा आदेश, पोलिसांचा बंदोबस्त, जेसीबीचे दात आणि रस्त्यावर आलेली अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे. जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव होती. हे आरक्षण काही तिजोरीत कुलूपबंद नव्हते, ते विकास आराखड्यात होते. नकाशा सरकारी, त्यावरचा शिक्काही सरकारी. आणि तरीही मजल्यावर मजला चढला, खोल्या विकल्या गेल्या, माणसे राहायला आली, मुले शाळेत जाऊ लागली.

न्यायालय चुकले असे आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारतो, ती माणसे आयुष्याची पुंजी मोजून देत होती तेव्हा बातमी कुठे होती? ही जागा राखीव आहे, इथे पैसे अडकवू नका, असे ठळक अक्षरांत दारोदार पोहोचवायला हवे होते ते त्या वेळी. पाडकामाच्या दिवशी मात्र कॅमेऱ्यांची रांग लागली. रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर माईक धरणे ही पत्रकारिता नव्हे. ती बाई रडू नये म्हणून दहा वर्षे आधी सर्व्हे नंबर तपासणे, ही पत्रकारिता. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि 17 जीव गेले. तीही अनधिकृतच होती. तेव्हाही बातमी ढिगाऱ्याच्या मागून आली.

कारण सांगायला कुणी धजत नाही, म्हणून आम्ही सांगतो. ज्या वृत्तपत्राचा महिन्याचा खर्च बिल्डरच्या जाहिरातीवर भागतो, ते पत्र बिल्डरच्या सातबाऱ्यात डोकावत नाही. ज्या केबल वाहिनीचे पोट नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर भरते, ती वाहिनी नेत्याला आरक्षणाचा नकाशा दाखवत नाही. हा रोग एकट्या वसई-विरारचा नाही. 2009च्या विधानसभा निवडणुकीत याच महाराष्ट्रात पैसे मोजून बातम्या छापल्या गेल्याचे उघड झाले, ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी चौकशी करून अहवाल लिहिला. आणि कौन्सिलने काय केले? 2010 मध्ये तो सविस्तर अहवाल दाबून ठेवला, पुढे केली ती कापूनछाटून आखूड केलेली आवृत्ती! माहिती आयोगाचा आदेश आला तेव्हा 2011 मध्ये तो लोकांसमोर आला. वृत्तपत्रांच्या चारित्र्याचा अहवाल लोकांना वाचता यावा म्हणून माहितीच्या अधिकाराची काठी उगारावी लागते, याहून मोठी नामुष्की कोणती?

आणि छापील पत्र गप्प असते तेव्हा माणसाच्या हातात उरतो तो मोबाइल. म्हणूनच सत्तेचा डोळा आता त्या मोबाइलवर आहे.

आपल्या पालघरने हे अंगावर भोगले. 18 नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यावर ‘लाइक’चे बटण दाबले. एवढाच गुन्हा! दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरणही बंद झाले. पण संतापाने एक काम केले. श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणाऱ्याला तुरुंगात धाडणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ घटनाबाह्य ठरले. आज देशातला कुणीही मोबाइलवर सरकारला जाब विचारतो, त्यात पालघरच्या दोन मुलींच्या त्या रात्रीचा वाटा आहे. आणि निर्लज्जपणा पाहा: रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस पुढेही गुन्हे नोंदवत राहिले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर धक्का बसल्याचे सांगावे लागले, 2022 मध्ये पुन्हा बजावावे लागले. मेलेला कायदा ठाण्याच्या डायरीत जिवंत होता.

इंटरनेट मोकळे सोडले तर अफवा माणसे मारतात, असे उत्तर येईल. ते आम्ही उडवून लावत नाही. 16 एप्रिल 2020 रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर आणि मुले पळवणारे आल्याच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार केले. हा आमच्या जिल्ह्याच्या कपाळावरचा डाग आहे. पण त्यानंतरचे आठवा. वाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर त्या हत्येला धर्माचा रंग चढवला गेला. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यात एकही मुसलमान नाही. अफवा मोबाइलवर फिरली हे खरे, पण तिला धर्माचा रंग द्यायला स्टुडिओतले पगारी आवाजही होते. पाड्यावर खरी बातमी वेळेत पोहोचत नाही तिथे खोटी बातमी आधी पोहोचते. त्यावरचा उपाय खऱ्या बातमीची वाट रुंद करणे हा आहे. इंटरनेट तोडले की खरी बातमीही तुटते, अफवा मात्र तोंडोतोंडी धावत राहते.

तरी तोडण्याचीच सवय लागली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराविरुद्ध पालक रस्त्यावर उतरले आणि तिथले इंटरनेट बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे नागरिकाला त्यांना आव्हान देता येईल. आपल्यापैकी कितीजणांनी असा एक तरी आदेश डोळ्यांनी पाहिला आहे?

मोकळ्या इंटरनेटचा आणखी एक अर्थ आहे. समजा, विरार लोकलचे तिकीट फुकट झाले, पण एका कंपनीने निवडलेल्या चार दुकानांच्या गिऱ्हाइकांपुरतेच. बाकीच्यांनी पूर्ण भाडे भरायचे. ठरावीक संकेतस्थळेच फुकट दाखवणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना अशीच होती. लाखो लोकांनी दूरसंचार प्राधिकरणाला ईमेल पाठवून विरोध केला, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी प्राधिकरणाने असा दरभेद बंद केला. दुसऱ्याच्या मर्जीवरची वाट पुरत नाही, हे जुनेच आहे: डॉ. आंबेडकरांना 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढावे लागले, कारण चालू पत्रांत बहिष्कृतांच्या दुःखाला जागा नव्हती. आजच्या मूकनायकाला कुणा कंपनीच्या नाक्यावर टोल भरायला लावू नका.

आम्हाला हवे आहे ते असे. वसई-विरार महापालिकेने विकास आराखडा, प्रत्येक राखीव भूखंड आणि प्रत्येक अनधिकृत इमारतीची यादी मराठीत, मोबाइलवर उघडेल अशी, स्वतःहून प्रसिद्ध करावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 हे 2005 पासून सांगते आहे. इंटरनेट बंदीचा प्रत्येक आदेश त्याच दिवशी लोकांसमोर यावा. आणि पत्रांनी, त्यात आम्हीही आलो, बातमी आणि जाहिरात यांच्यात भिंत बांधावी, जाहिरातीवर ‘जाहिरात’ असे लिहावे.

आचोळेकरांनो, खोलीचे टोकन देण्याआधी सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागाच्या खिडकीवर जा. आरक्षण आहे की नाही, ते लेखी मागा. मिळाले नाही तर तुमच्या अर्जाची पोचपावती आमच्याकडे आणा. आम्ही ती पहिल्या पानावर छापू.