कारण अज्ञात, की न शोधलेले?

‘अंगावरून वारे गेले’ या तीन शब्दांत आपल्याकडे पक्षाघाताचे निदान, त्याची कारणमीमांसा आणि दैवापुढे शरणागती, असे सारेच उरकले जाते. मग कोणी कबुतराचे रक्त चोळावयास सांगतो, कोणी देवऋषी सुचवितो. यावर सुशिक्षितांनी हसावे, तर त्यांच्याही हाती मोठ्या रुग्णालयातून जो कागद पडतो त्यावर पुष्कळदा ‘कारण अज्ञात’ असेच लिहिलेले असते. रक्तवाहिनी बंद पडून मेंदूला जे आघात होतात, त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांशांचे नेमके कारण नेहमीच्या तपासण्यांत सापडत नाही.

या अज्ञातांपैकी काहींचे मूळ मानेत असावे, असे आता अनेक अभ्यासकांना वाटते. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांत मेदाचा थर साचतो आणि त्यामुळे पक्षाघात होऊ शकतो, हे कॅनडातील मिलर फिशर यांनी १९५१ मध्येच दाखविले होते. परंतु पुढे निदानाची जी चौकट रूढ झाली, विशेषतः १९९३ चे वर्गीकरण, तिने धमनी निम्म्याहून अधिक अरुंद झाली असेल तरच तिला दोषी धरले. तीस-चाळीस टक्केच अडथळा असला की धमनी निर्दोष सुटे! वास्तविक थर किती जाड आहे याइतकाच तो कसा आहे हा प्रश्न महत्त्वाचा. वरचे आवरण फाटलेला किंवा आतल्या आत रक्तस्राव झालेला लहानसा थरही गुठळी मेंदूकडे धाडू शकतो. अज्ञात कारणाच्या रुग्णांत असे थर आघाताच्याच बाजूच्या धमनीत अधिक आढळतात, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणता येत नाही.

अर्थात थर दिसला म्हणजे गुन्हेगार सापडला, असेही नव्हे. उतारवयात तो कित्येकांच्या मानेत निमूटपणे असतो. म्हणून धडधाकट माणसांनी तपासणीच्या ‘पॅकेज’मागे धावण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेचेही तसेच. १९९१ च्या उत्तर अमेरिकी चाचणीत, लक्षणे उमटून गेलेल्या व सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद धमनी असलेल्या रुग्णांत, दोन वर्षांतील त्याच बाजूच्या आघातांचे प्रमाण शस्त्रक्रियेने २६ टक्क्यांवरून ९ वर आले; पन्नास टक्क्यांखाली मात्र तिचा लाभ दिसला नाही. तेथे औषधेच कामाची: मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर अ‍ॅस्पिरिन, जोडीला स्टॅटिन, रक्तदाबाची गोळी, आणि खर्रा व विडीला कायमची रजा. दुसरा आघात टाळावयाचा तर कारण ठाऊक असलेला रुग्णच ही गोळी वर्षानुवर्षे घेतो. ‘वारे गेले’ म्हणणारा महिन्याभरात सोडून देतो.

हा शहरी श्रीमंतांचा आजार, हा समज विदर्भातच खोटा ठरला आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंच्या पाहणीत जवळजवळ दर सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला, आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच गेली. रिसोडच्या शेतकऱ्याची स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास आधार नाही. एका डोळ्यापुढे क्षणभर अंधारी येणे, हातातील वस्तू गळून पडणे, पाच मिनिटे जीभ जड होणे, ही लक्षणे ओसरली म्हणून तो बाजारची वाट धरतो. वस्तुतः मानेची तपासणी तातडीने व्हावयाची ती त्याच दिवसांत.

वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तालुक्यातून येणाऱ्या अशा रुग्णांच्या मानेच्या डॉपलर तपासणीला तेथे अग्रक्रम द्यावा, आणि अहवालात केवळ टक्केवारी न टाकता थर कोणत्या बाजूस आहे, गुळगुळीत आहे की व्रण पडलेला, हे लिहिण्याची शिस्त लावावी. यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही.