विश्लेषण : जुनी पिकअप रोज चालवता येते का? आराम, सुरक्षितता आणि नियमांचे गणित काय?

गोलाकार बॉनेट, मागे लोखंडी हौदा आणि जाडजूड पत्रा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पिकअप गॅरेजमध्ये पुन्हा उभी करून रोज कामावर न्यायची, हे स्वप्न अनेक हौशी वाहनप्रेमी पाहतात. मात्र पंपावर आता ई२० पेट्रोल मिळते आणि जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढले आहे. 'व्हिंटेज' नोंदणीचे नियमही वेगळेच काही सांगतात. त्यामुळे पैसे गुंतवण्यापूर्वी गाडी जपायची की वापरायची, हे ठरवावे लागते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी का जमत नाहीत, याविषयी...

ही कल्पना आली कुठून?

जुने रूप कायम ठेवून आतली यंत्रणा आधुनिक करण्याला अमेरिकेत 'रेस्टोमॉड' म्हणतात. शेवरोले सी१०, फोर्ड एफ-१०० अशा जुन्या पिकअप तिथे यासाठी विशेष लोकप्रिय आहेत. वाहन कंपन्यांनीही या हौसेची दखल घेतली आहे. फोर्डने २०२१ मध्ये 'एफ-१०० एल्युमिनेटर' ही पिकअप सादर केली. तिचे बाह्यरूप १९७८ च्या मॉडेलचे होते, तर मोटारी मस्टँग माक-ई या इलेक्ट्रिक गाडीच्या. त्याआधी २०१९ मध्ये शेवरोलेने १९६२ च्या सी१० ला इलेक्ट्रिक रूप दिले होते.

भारतात हा वारसा प्रामुख्याने जीपचा. महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिच्यापासून मालवाहू प्रकारही तयार झाले. तेव्हाच्या टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने १९८८ मध्ये 'टाटामोबाइल' ही पिकअप आणली. बांधणी साधी असल्याने या गाड्या गावातल्या गॅरेजमध्येही उघडता येतात.

रिकामी पिकअप एवढी का आदळते?

पिकअपचे मागचे पाटे भरलेल्या हौद्यासाठी बनवलेले असतात. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर ५०० किलो भार आहे आणि माल भरल्यावर तो १,५०० किलो होतो. पाटे १,५०० किलोसाठी पुरेसे कडक असावेच लागतात. तेच पाटे ५०० किलोवर काम करतात तेव्हा गाडीचा मागचा भाग भरलेल्या गाडीच्या सुमारे १.७ पट वेगाने वर-खाली होतो. खड्ड्यातला धक्का थेट कमरेला बसतो, तो यामुळे.

यावर अनेक गॅरेजमध्ये दोन-तीन पाटे काढून टाकतात. गाडी मऊ होते, पण तिची भारवहनक्षमता घटते आणि कागदपत्रांवरची क्षमता मात्र तीच राहते. त्याऐवजी पाट्यांमधला गंज साफ करणे, घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या बसवणे, झिजलेले बुश बदलणे आणि चांगले शॉकअ‍ॅब्सॉर्बर घालणे हा सुरक्षित मार्ग. टायरमधली हवाही रिकाम्या गाडीच्या भारानुसार ठेवावी लागते. एवढ्यानेही प्रवासात बराच फरक पडतो.

आधी एसी की आधी ब्रेक?

बहुतेकांचे बजेट आधी रंग, सीट आणि एसीवर खर्च होते. रोजच्या वापरासाठी हा क्रम उलटा हवा. जुन्या पिकअपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि अनेक मॉडेलमध्ये ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असे. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जात. आधुनिक गाड्यांत हे मार्ग दोन असतात, त्यामुळे एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवतो.

शिवाय आजच्या रस्त्यांवरचा वेग वाढला आहे. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला की गाडी थांबवण्यासाठी सुमारे पावणेदोन पट ऊर्जा शोषावी लागते. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ड्रम तापतात आणि पकड सैल होते.

दुसरा मुद्दा वायरिंगचा. दशकांपूर्वीच्या तारांचे आवरण तडकलेले असते. त्यावरच एसी, जादा दिवे, म्युझिक सिस्टीमचा भार टाकला तर शॉर्टसर्किटचा धोका वाढतो. अनेक जुन्या गाड्यांत डायनामो आहे. इंजिन मंद फिरत असताना तो पुरेशी वीज देत नाही. म्हणजे वाहतूक कोंडीत दिवे, वायपर आणि पंखा चालू असेल तर बॅटरी उतरत जाते. अल्टरनेटर ही त्यामुळे चैन नसून गरज ठरते. सीटबेल्टही नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही. अपघाताचा झटका पेलणारी मजबूत जागा त्यासाठी तयार करावी लागते.

एसीचा विचार यानंतरच. कॉम्प्रेसर इंजिनचीच शक्ती खातो आणि कंडेन्सरची उष्णता रेडिएटरपुढे साठते. मूळ रेडिएटर या जादा उष्णतेसाठी बनवलेला नसतो.

ई२० पेट्रोलमुळे काय अडचण?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरमधले भाग याचा विचार करून बनवलेले नाहीत. इथेनॉलमुळे काही प्रकारचे रबर फुगते किंवा तडकते. ते हवेतला ओलावाही शोषते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. आधुनिक गाडीचा संगणक सेन्सरच्या मदतीने इंधनाचे प्रमाण आपोआप सुधारतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापू शकते, म्हणून जेट नव्याने जुळवावे लागतात. त्यातच शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले. शिशाच्या संरक्षणावर चालणाऱ्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट त्यानंतर लवकर झिजतात. इंजिन उघडलेच असेल तर कठीण धातूच्या सीट आणि इथेनॉल सोसणारे पाइप त्याच वेळी बसवणे शहाणपणाचे.

'व्हिंटेज' नोंदणी केली तर?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपातील खासगी वापराच्या वाहनांना नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये आहे.

पण यात तीन अडथळे आहेत. अशी गाडी रस्त्यावर नियमित चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा आहे. दुसरे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला असेल तर गाडी व्हिंटेज ठरत नाही. तिसरा अडथळा खास पिकअपचा. चारचाकींमध्ये ही व्याख्या 'एम१' म्हणजे प्रवासी वाहनांपुरती आहे. मालवाहू म्हणून नोंद असलेली पिकअप 'एन' गटात मोडते. थोडक्यात, रोजच्या वापरासाठी हा मार्ग बंदच आहे.

मग साधी नोंदणी चालू ठेवता येते का?

येते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीत गाडी योग्य ठरल्यास पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या हलक्या चारचाकींचे नूतनीकरण शुल्क पाच हजारांवरून १० हजार रुपये झाले. आयात केलेल्या चारचाकींसाठी ते ८० हजार रुपये आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेटही आवश्यक आहे.

आरसी बुकवर गाडी व्यावसायिक मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर गणित बदलते. आठ वर्षांनंतर अशा वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. विमा आणि कराचे नियमही निराळे.

कोणते बदल कायद्यात बसतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इलेक्ट्रिक किट बसवायचे तर ते पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मंजूर केलेले हवे आणि आरसीवर तशी नोंदही हवी.

झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे ही दुरुस्ती ठरते. इंजिन, इंधन किंवा बॉडीचा प्रकार बदलणे हा फेरबदल ठरतो. या दोन्हींच्या मधे पडणाऱ्या कामांबाबत, उदाहरणार्थ डिस्क ब्रेक, आरटीओकडे आधी लेखी विचारणा केलेली बरी. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

व्यवहार्य मार्ग कोणता?

कापाकापी न करता फक्त नट-बोल्टवर बसणारे आणि पुन्हा काढता येणारे बदल करणे. मूळ भाग जपून ठेवले तर गाडीची ओळख टिकते आणि उद्या निर्णय बदलला तरी परतीची वाट उरते. खर्चाचा क्रम ब्रेक, वायरिंग, इंधनाचे पाइप, स्टिअरिंग, पाटे, सीट आणि शेवटी एसी व रंग असा असावा.

मात्र त्याही आधी चासी क्रमांक आरसीशी ताडून पाहावा लागतो. गंजलेला पत्रा बदलता येतो, झिजलेले इंजिन पुन्हा बांधता येते. कागद जुळत नसतील तर लाखो रुपये खर्चून चकचकीत केलेली पिकअप अंगणातच उभी राहते.