मस्तकाची गोष्ट आणि आठ दिवसांची मुदत

वसईच्या वेढ्यावर कुणी बोलायला उभे राहिले की एक गोष्ट हमखास येते. किल्ला हाती येत नाही हे पाहून चिमाजी अप्पांनी आपले मस्तक तरी तोफेने किल्ल्यात उडवा म्हणून सांगितले! सभागृह टाळ्यांनी दणाणते आणि वक्ता खाली बसतो. मी नायगावचा, किल्ल्याच्या शेजारचा; ही गोष्ट ऐकतच वाढलो. पण तिच्यापायी अप्पांमधला विचारी सेनापती झाकला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

१७३७ च्या मार्चमध्ये ठाणे पडले आणि साष्टी हाती आली. त्याच वर्षी मराठ्यांनी वसईच्या तटाला शिड्या लावून पाहिल्या. माणसे पडली, तट हलला नाही. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, उत्तरेला तेवढी वाळूची जमीन. आणि समुद्र पोर्तुगिजांचा. अशा जागी नुसते शौर्य काय करणार? पुढच्या मोहिमेत अप्पांनी आधी आजूबाजूची ठाणी उचलली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम-केळवे, मग तारापूर (तेथे बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा गेला), पुढे वेसावे आणि खाडीच्या मुखावरची धारावी. नायगावहून भाईंदरकडे जाताना गाडी खाडीवरच्या पुलावर आली की पश्चिमेला नजर टाकावी. धारावी हातची गेल्यावर वसईचा श्वास का कोंडला, ते नकाशावाचून कळते.

मे महिन्यात उत्तरेच्या बुरुजांखाली सुरुंग उडाले. काही वेळेवर उडाले नाहीत आणि खिंडारात शिरलेली आपलीच माणसे त्यांत सापडली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. किल्ल्याने शरणागतीचे निशाण दाखविले, तेव्हा बाहेरच्या सैन्याचे मन किती पेटलेले असेल! शिवाय पोर्तुगीज अमलातल्या धर्मछळाच्या आठवणी होत्याच.

येथे मला ज्यूलियस सीझर आठवतो. इ. स. पू. ५२ मध्ये त्याने अलेशियाच्या टेकडीवर गॉल लोकांना कोंडले. धान्य संपत आले तेव्हा आतल्यांनी बायका, मुले, म्हातारे बाहेर काढले. आम्हांला गुलाम करा पण अन्न द्या, म्हणून ती माणसे रोमनांच्या तटाशी रडली. सीझरने त्यांना आत घेतले नाही. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि लिहिताना त्याचा हात कापलेला दिसत नाही. त्याचा हिशेब असा, की बाहेरून गॉलांची कुमक यायची होती आणि रोमनांजवळही धान्य बेताचेच होते. युद्धशास्त्रात अलेशिया आदर्श वेढा म्हणून शिकवितात. शिकवोत बापडे.

अप्पांनी आठ दिवसांची मुदत दिली. शिबंदीने हत्यारांनिशी, कुटुंबकबिला आणि चीजवस्तू घेऊन जावे. मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा.

कुणी म्हणेल, यात दया कसली? नादिरशहा दिल्लीत शिरला होता, बाजीरावांना उत्तरेत फौज हवी होती आणि पावसाळा तोंडावर होता. खरे आहे. अप्पांनी हिशेब केलाच. पण हिशेब सीझरनेही केला होता. एकाच्या हिशेबात पोरेबाळे मेली, दुसऱ्याच्या हिशेबात ती गलबतात चढली. हा फरक मला लहान वाटत नाही. माझ्या गावात देऊळ आणि चर्च यांच्यामधून रोज जाणाऱ्याला तो लहान वाटूही नये.

अप्पांना देवत्व द्यायचे नाही. चर्चच्या घंटा काढून नेल्या गेल्या. भीमाशंकरला आणि मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. तेही सांगायला हवे.

पण टाळ्यांच्या गोष्टीआधी २३ मे १७३९ चा दिवस कुणीतरी सांगावा. नगारे वाजत आहेत, निशाणे फडकत आहेत, पराभूत शिबंदी बायकामुलांसह किल्ल्याबाहेर पडते आहे आणि हजारो माणसे गमावलेली मराठी फौज तिला वाट देऊन उभी आहे.