मुदत संपली, तरतूद उरली

पंजाब पेटलेला असताना, १९८५ साली संसदेने 'टाडा' हा दहशतवादविरोधी कायदा मंजूर केला तो दोन वर्षांच्या मुदतीवर. १९८७मध्ये नवा टाडा आला, मुदतवाढी मिळत गेल्या आणि तो १९९५पर्यंत टिकला.

त्यातले कलम १५ सर्वांत घातक. एरवी पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. इंग्रजांच्या १८७२च्या पुरावा कायद्यातही हे बंधन होते. टाडाने ते उठवले आणि पोलीस अधीक्षकाने नोंदवलेली कबुली कोर्टात चालू लागली. कोठडीत माणूस कशाच्या धाकाने बोलतो, हे वेगळे सांगायला हवे का? 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याने २००२मध्ये हीच तरतूद परत आणली. २००४मध्ये तो रद्द झाला. महाराष्ट्राच्या १९९९च्या 'मकोका' या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात मात्र ती आजही आहे.

तिची किंमत मुंबईने मोजली. ११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांबद्दल विशेष न्यायालयाने २०१५मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने मकोकाखाली नोंदवलेल्या कबुलीजबाबांवर विश्वास ठेवला नाही. सगळे निर्दोष सुटले, एक जण मरणोत्तर. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे.

स्फोटात माणसे गमावलेल्यांना १९ वर्षांनंतरही न्याय मिळालेला नाही. विधिमंडळाने मकोकातील ही तरतूद आता काढून टाकावी.